लेकीला इंग्लिश मीडियममधून काढून बालकेंद्री मराठी शाळेत घातलं, माझा अनुभव

सुरुवात शाळेच्या गेटवर झाली. सासूबाई रोज दुपारी पोरीला आणायला जायच्या, आणि एक दिवस पोरगी घरी येऊन त्यांना म्हणे, आजी तू गेटवर माझ्याशी बोलत नको जाऊ, तुला बोलायचंच असलं तर हळू बोल. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि आणायला मी जायला लागले. पोरगी तेव्हा पहिलीत होती.

आम्ही धुळ्यात राहतो, सासर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठावरचं गाव. सासू-सासरे आमच्याजवळच असतात म्हणून घरात अहिराणीच चालते, माझी पण मातृभाषा तीच. पोरीला मराठी येते, अहिराणी येते, आणि शाळेत मात्र दोन्ही बंद. आठवडाभराने तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं की वर्गात "हाई काय शे" (हे काय आहे) म्हणाली म्हणून तिला बाकावर उभं केलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. माझ्या पोरीने मला हे सांगितलंच नव्हतं. ती फक्त रोज सकाळी पोट दुखतं म्हणायची, आणि मी तिला ओवा देत होते.

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षांची पोरगी, आणि तिला आपल्या आजीची लाज वाटायला लागली, हे फी भरून आपणच करून घेतोय असं वाटलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा कळलं असतं तर मी शाळेत जाऊन नीट बोलले असते. मी गेले ते रडतच गेले, आणि मला सांगण्यात आलं की घरात पण इंग्लिश बोला म्हणजे सवय होईल.

मग शोध सुरू केला. माझी मामेबहीण डीएड आहे, तिने सांगितलं की गावाबाहेर एका जुन्या संस्थेची प्राथमिक शाळा आहे, मराठी माध्यम, अनुदानित, पण शिकवायची पद्धत वेगळी, पोरं मातीत असतात, झाडाखाली असतात, चित्रं काढतात, प्रश्न विचारतात आणि उत्तर पण स्वतःच शोधतात. यांना सांगितलं तर हे म्हणाले, खेळायला घरी अंगण आहे, शाळा कशाला पाहिजे. त्यांचं पण चूक नव्हतं, ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले, कॉलेजात इंग्लिशमुळे फार त्रास काढलेला, लेकीला तेच नको म्हणून त्यांनी ओव्हरटाइम करून ती फी भरली होती.

शाळा बघायला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गेले, एप्रिलमधे, सकाळची शाळा चालू होती. मला वाटलं ऑफिसात बसवतील आणि माहितीपत्रक देतील, तर मोठ्या ताई (तिथे मुख्याध्यापिकांना मोठ्या ताईच म्हणतात, मॅडम नाही) म्हणाल्या, वर्गात जाऊन बसा, काय विचारायचं ते नंतर विचारा. तीन तास बसले. दुसरीचा वर्ग कडुनिंबाखाली होता, पोरं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करत होती आणि एका पोराचे शंभराला दोन कमी पडत होते, तो ते दोन शेजारणीकडून उसने मागत होता आणि ती म्हणे, मग माझे किती राहतील ते आधी सांग. बाई नुसत्या बघत होत्या. भिंतीवर एक मोठा कागद होता, वर लिहिलेलं "एक वस्तू, किती नावं", आणि खाली पोरांच्या अक्षरात जातं, घरोट. शेत, वावर. कपाशी, पऱ्हाटी. घरोट हा शब्द शाळेच्या भिंतीवर लिहिलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मी तिथेच ठरवून टाकलं, घरी फक्त सांगायचं बाकी होतं.

घरी सांगणं सोपं गेलं नाही. नणंदबाई म्हणाल्या की इंग्लिशचं वाटोळं होईल. आता मराठी शाळेत सुद्धा पहिलीपासून इंग्लिश विषय असतो, २००० सालापासून आहे, पण हे कुणाला पटत नाही, माध्यम आणि विषय यात लोकांचा फार घोळ होतो. सासरे मात्र मधेच म्हणाले की साने गुरुजी आपल्या अमळनेरला सहा वर्षं मास्तर होते, १९२४ ते १९३०, पोरांच्या वसतिगृहात राहून पोरांची कामं करायचे, ते काय मारून शिकवत होते का. सासरे एरवी कशातच बोलत नाहीत, त्यामुळे विषय तिथेच थांबला. यांनी एकच अट घातली, एक वर्ष बघायचं.

आता प्रवेशाचं, कारण खरी खटपट तिथे झाली. नव्या शाळेत मुलाखत नाही, परीक्षा नाही, पालकांचं शिक्षण विचारलं नाही. हे काही त्यांचे उपकार नाहीत, कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कुठल्याच शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाळणी लावता येत नाही आणि देणगी पण घेता येत नाही, पण पाळतंय कोण. त्यांनी फक्त एक सांगितलं, पोरीला जूनमधे घालायचं असेल तर आत्ता तीन दिवस घेऊन या, तिला ठरवू द्या. पहिल्या दिवशी ती माझ्या पदराला धरूनच होती. दुसऱ्या दिवशी मातीकामाला बसली. तिसऱ्या दिवशी मी घ्यायला गेले तर म्हणे, थोडं थांब, माझा बैल वाळला नाही.

दाखल्याला मात्र जुन्या शाळेने दमवलं. १ मेला निकाल घेतला तेव्हाच तोंडी मागितला तर म्हणाले जूनमधे या. जूनमधे म्हणाले पुढच्या वर्षाची पहिल्या टर्मची फी भरा, मग देऊ, कारण तुम्ही आधी कळवलं नाही. मी दोन चकरा मारल्या, तिसऱ्यांदा मामेबहिणीने सांगितलं ते केलं आणि तेच सगळ्यांना सांगते, तोंडी काही मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर तारखेसकट पोचेची सही-शिक्का घ्या. अर्जात मी कलम ५ लिहिलं, त्यात आहे की दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून त्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. खाली लिहिलं, प्रत माहितीसाठी गटशिक्षणाधिकारी. चार दिवसांत दाखला मिळाला. नव्या शाळेने तोपर्यंत पोरीला बसवून पण घेतलं होतं. मग ऑनलाइन नाव जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे यायला अजून वेळ लागला कारण आधार कार्डावर आणि शाळेच्या रेकॉर्डला आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं. तर ज्यांना शाळा बदलायची आहे त्यांनी एप्रिलमधेच जन्मदाखला, आधार आणि शाळेतलं नाव एकसारखं आहे का ते बघून घ्या, ऐन जूनमधे आधार केंद्रावर उभं राहायची वेळ येते.

पहिले चार महिने फार अवघड गेले. पोरगी खुश होती, अवघड मला गेलं. गृहपाठ नाही. वहीत लाल पेनाच्या टिका नाहीत. आज काय शिकवलं म्हणलं की म्हणायची, आज आम्ही गांडूळ बघितलं. उद्या काय, तर उद्या पण गांडूळच, कारण ते उजेडाकडे जातं का अंधाराकडे हे ठरलं नाही. तिकडे तिच्या जुन्या मैत्रिणी टेबल्स म्हणायला लागल्या. दिवाळीत मी घाबरून बाजारातनं वर्कबुकं आणली आणि रोज रात्री एक तास बसवायला लागले, शाळेला न सांगता. पंधरा दिवसात सकाळी परत पोट दुखायला लागलं. तेव्हा मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली, मी जाऊन ताईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी पोरीची नोंदवही काढली, तिने काय विचारलं, कुठे अडली, कुणाला मदत केली, सगळं तारखेवार लिहिलेलं, आणि त्यात होतं की बेरजेला हातचा तिला समजलाय पण वजाबाकीत अजून चुकते. आकारिक मूल्यमापन म्हणतात ते हे, मला कागदावरचा शब्द माहीत होता, होतं कसं ते त्या दिवशी पाहिलं. वर्कबुकं मी रद्दीत दिली.

आता फडाचं सांगते, ते सांगण्यासाठीच खरं लिहायला बसले. तिसरीत पाण्याचा विषय निघाला आणि एका पोराने विचारलं की धरण नव्हतं तेव्हा शेताला पाणी कसं द्यायचे. ताईंनी उत्तर दिलं नाही, घरी विचारून या म्हणल्या. आमच्या घरात उत्तर खाटेवर बसलेलं होतं. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे, त्यातून पाट काढलेले, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे पाडलेले, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी सगळ्यांना एकदमच लागतं आणि एकदमच पुरतं. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि वर्षाला पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. सासऱ्यांचं वावर असल्याच फडात होतं, पोरीला त्यांनी रात्री अकरापर्यंत सांगितलं.

शाळेने पोरांना बसने फडावर नेलं. दोरीला हाताहातावर गाठी मारून पाटाची रुंदी मोजली, वाळकं पान सोडून दहा पावलांना किती वेळ लागतो ते मोजलं. पण खरी मजा परत आल्यावर. मैदानात पोरांनी वाळू-मातीचा बंधारा, पाट आणि चार फड केले, बादलीने पाणी ओतलं, आणि शेवटच्या फडात पाणी पोचेचना. ते चार दिवस चाललं! पहिल्या दिवशी म्हणे पाणी कमी पडलं, जास्त ओतलं, तर बंधाराच फुटला. दुसऱ्या दिवशी वाळू पाणी पिते म्हणून पाटाला काळ्या मातीने लिंपलं. तिसऱ्या दिवशी एका मुलीने गोटी सोडली आणि ती मधेच थांबली, तेव्हा कळलं की उतारच उलटा झालाय. चौथ्या दिवशी पाणी पोचलं, पण पहिल्या फडवाले आपल्याकडचं पाणी बंद करेनात, भांडण झालं, तेव्हा पोरांनी स्वतः आपल्यातला एक पाटकरी नेमला. ताईंनी चार दिवसात एकदाही सांगितलं नाही की उतार बघा. मी असते तर पहिल्या पाच मिनिटात सांगून मोकळी झाले असते.

त्याच आठवड्यात ताईंचा निरोप आला, आजोबांना शाळेत पाठवता का. सासऱ्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला, टोपी घातली, मला दोनदा विचारलं की मराठीत बोलू का कसं. ताई म्हणाल्या, तुम्ही घरी बोलता तसंच बोला. ते मैदानात पोरांच्या मधे उकिडवे बसले आणि हाताने माती सरकवत बोलायला लागले. एका पोराने विचारलं, बाबा, पाणी कमी पडलं तर आधी कोणाला द्यायचं. सासरे म्हणाले, "पानी एकलानं नही, समदासनं शे." शहरातल्या दोन-तीन पोरांना कळलं नाही, तर माझी पोरगी उभी राहिली आणि मोठ्याने मराठीत सांगितलं, पाणी एकट्याचं नाही, सगळ्यांचं आहे, असं माझे आजोबा म्हणताहेत. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, मला पुढचं काही नीट दिसेना.

सगळं गोडच आहे असं नाही. शाळा लांब आहे, रिक्षावाले काका सुट्टीवर गेले की हाल होतात. चौथीपर्यंतच आहे, पुढे दुसरी शाळा बघावी लागेल, आणि आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे त्याची काळजी मला अजून वाटते. पाढे तिला उशिरा पाठ झाले. इंग्लिश वाचते, बोलताना मात्र अडखळते, नणंदबाईंनी दिवाळीत तेवढंच बघितलं. यांची एक वर्षाची अट कधीच संपली, त्यांनी परत विषय काढला नाही, फक्त पालकसभेला आता मला न सांगता स्वतःच जातात आणि मागच्या वेळी शाळेच्या नळाची तोटी बदलून आले.

सासूबाईंचं राहिलं. पोळ्याला मातीचे बैल करायला शाळेने आज्यांना बोलावलं होतं, तेव्हा त्यांना नेलं. गुडघे खरंच दुखतात आता, म्हणून गेटपर्यंत रिक्षा करावी लागली. पोरगी आतून पळत आली आणि मैत्रिणींसमोर तिथूनच ओरडली, "आजी, माटी कवळी शे का देख ना!" सासूबाई रिक्षातून उतरता उतरता म्हणाल्या, थांब व माय, माले आधी खाले तर उतरू दे.