करगोटा रुतायला लागला तेव्हा

मागच्या आठवड्यात आंघोळ करताना करगोटा कात्रीने कापावा लागला. मागच्या जत्रेत घेतलेला, तेव्हा त्यात बोट सहज फिरायचं, आता कमरेवर लालभडक वळ उठला होता. त्यात दोनच दिवसांनी आरोग्य खात्याची आशाताई घरी आली, तिशीच्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा असतो म्हणे, टेप काढली आणि म्हणाली, दादा, पोट आत ओढू नका, श्वास सोडा. 98 सेंटीमीटर भरलं. त्या फॉर्मात पुरुषाची कंबर 90 पर्यंत असेल तर शून्य, 91 ते 100 ला एक मार्क आणि 100 च्या पुढे दोन, आणि इथे मार्क जेवढे जास्त तेवढी काळजी जास्त.

आमच्याकडे चाकरमान्यांच्या पोटाला सगळे मुंबईचं पोट म्हणतात. माझा दादा मुंबईजवळ दिव्याला राहतो, सकाळी लोकल, दिवसभर खुर्ची, कॅन्टीनचं खाणं, रात्री दहाला घरी येऊन पोटभर जेवण आणि लगेच झोप, त्यामुळे त्याचं पोट का सुटलं ते कोणालाही कळतं. पण यंदाचा विसर्जनाचा फोटो बघितला, दोघं उघड्या अंगाने पाण्यात उभे आहोत आणि दोघांची पोटं सारखीच. मी तर गावात राहतो ना! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शहरातले 100 पैकी जवळपास 30 पुरुष जास्त वजनाचे निघाले आणि गावातले 19. म्हणजे गावातसुद्धा पाचातला एक.

मला वाटतं आमचं काम गेलं पण ताट तेवढंच राहिलं. बाबा लावणीच्या दिवसात पहाटे पेज पिऊन जोत घेऊन जायचे, दुपारी ताटभर भात आणि कुळथाची पिठी, परत संध्याकाळपर्यंत चिखलात, तो भात त्यांच्या अंगात राहायचाच नाही. आता चिखलणी पॉवर टिलर करतो, तोही भाड्याने आणलेला आणि चालवणारा दुसराच, आंबा काढायला बागेत नेपाळी कामगार, पाणी नळाला. वाडीतून खाली दुकानात जायची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे, लहानपणी दिवसातून चार वेळा चढायचो, आता साबण आणायलासुद्धा लांबच्या रस्त्याने बाइक काढतो. ताटात मात्र भाताचा डोंगर तसाच, फक्त उकड्या तांदळाच्या जागी पांढराशुभ्र पॉलिशचा आला आणि नाचणीची भाकरी आता आईपुरतीच होते.

कबड्डीचंही तेच, लग्न झालं की बंद. संध्याकाळी त्याच वेळेला आम्ही नाक्यावर, वडापाव, शेव, आणि शनिवारी बसणं ठरलेलं. एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं, ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे नुसत्या दारूच्याच चारशेवर झाल्या, वर चकणा तळलेला. चहाचं मी घरी मोजून बघितलं, दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे, वाटीत काढली तर 50 ग्रॅम साखर झाली, आणि दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहा असं सांगतात. ती वाटी बघून आई काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून माझा चहा वेगळा ठेवते.

आणि खातापिता माणूस, संसार चांगला चाललाय म्हणून पोटाचं कौतुक करतात ना, त्याचा मला आता खरंच राग येतो. ही चरबी फक्त कातडीखाली नसते, आत लिव्हरभोवती, आतड्यांभोवती साठते, मग इन्सुलिन नीट काम करत नाही, शुगर वाढते, प्रेशर वाढतं. हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी आपली ठेवण, त्यामुळे वजनकाट्यावर कळतही नाही. वाडीतले दोन जण पंचेचाळिशीच्या आत शुगरच्या गोळ्यांवर आहेत, दोघांना कोणी जाडे म्हणणार नाही.

आता रोज पाखाडीने जातो, वर येताना तीनदा थांबावं लागतं. भात एक वाढीच, मासा तव्यावर तळायचा सोडून आमटीत. रविवारी दादाला फोन केला आणि वहिनीला शिवणाची टेप आणायला लावली, मोज म्हटलं, पोट आत ओढू नको. थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाला, 104. परत गप्प. मग हळूच विचारलं, आईकडे नाचणीचं पीठ आहे का रे, असेल तर रात्रीच्या गाडीने पाठव.