गावात मनाचा डॉक्टर शोधताना – माझा अनुभव

गावाचं नाव लिहीत नाही, मराठवाड्यातलं एक जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं सांगते. इथं कोणाची गाडी कुठल्या दवाखान्यापुढं उभी होती हे संध्याकाळपर्यंत घरी पोचलेलं असतं, आणि मी पतसंस्थेत काउंटरला बसते म्हणजे अर्धा बाजार मला चेहऱ्यानं ओळखतो. मला नीट उपचार मिळायला जे सात-आठ महिने लागले त्यातले बरेचसे या एका भीतीत गेले.

सुरुवात छातीपासून झाली. २०२३ चा मार्च एंड, कॅश जुळवत बसले होते आणि एकदम धडधड सुरू झाली, हातापायाला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, वाटलं आता मी जाते, माझी लेकरं उघडी पडली. दीर धावत आले, गाडीवर बसवून फिजिशियनकडे नेलं, ईसीजी काढला तर नॉर्मल. ॲसिडिटी आहे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. पुढच्या महिन्यात परत तेच, मग टू-डी इको, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, मग पुन्हा ईसीजी. दर वेळी रिपोर्ट चांगला यायचा आणि दर वेळी मला जास्त भीती वाटायची, कारण रिपोर्टमध्ये काही नाही मग मला होतंय ते काय? पहाटे तीनला जाग यायची ती परत झोप नाही. जेवण तुटलं. लेकराचा डबा भरताना उगाच रडू यायचं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन दोनदा दृष्ट काढली, "बाहेरचं काही नसेल ना गं" म्हणाल्या. मला त्यांचा राग नाही आला, त्यांच्याजवळ जो उपाय होता तो त्यांनी जीव लावून केला.

ट्रेडमिलवरची टेस्ट करताना तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी मशीन बंद केलं आणि हळूच म्हणाल्या, ताई तुमचं हृदय एकदम ठणठणीत आहे, याला पॅनिक अटॅक म्हणतात, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पहिल्यांदा कोणीतरी माझ्या त्रासाला नाव दिलं. घरी सांगितलं तर सासूबाई एकदम घाबरल्या, "येरवड्याला नेतेत का काय?" आमच्या पिढीपर्यंत मनाचा दवाखाना म्हटलं की येरवडाच डोळ्यापुढं येतो. राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, त्यातलं एकही मराठवाड्यात नाही, त्यामुळे इथल्या माणसानं ते कधी पाहिलेलं नसतं, फक्त ऐकलेलं असतं.

आमच्याकडे खाजगी मानसोपचारतज्ज्ञ मोजून तीन. बोर्डावर मेंदू, मनोविकार, व्यसनमुक्ती सगळं एकत्र. नवऱ्यानं गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली, मी तोंडाला स्कार्फ बांधला. आत पन्नासेक माणसं, कोणी बीडकडचं, कोणी हिंगोलीकडचं, म्हणजे जवळचे लोक लांब जातात आणि लांबचे इथं येतात. कंपाउंडर भर हॉलमध्ये मोठ्यानं विचारत होता, झोप लागते का, आत्महत्येचे विचार येतात का. मी खोटं बोलले, नाही म्हणाले. नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा आपला हक्क आहे, कलम २३. तेव्हा माहीत असतं तर निदान एवढं तरी म्हटलं असतं की हे आत विचारा. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली, दार उघडंच, पुढचा पेशंट आत येऊन उभा. पण निदान बरोबर होतं आणि गोळीही बरोबर होती, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे.

गोळी होती एस्सिटालोप्रॅम, आधी पाच मग दहा मिलिग्रॅम (हा माझा डोस, तुमचा तुमचे डॉक्टर ठरवतील). मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते, पहिले आठ-दहा दिवस मळमळ होते, भीती उलट थोडी वाढल्यासारखी वाटते आणि फरक पडायला तीन-चार आठवडे जातात, काहींना सहा. मी चौथ्या दिवशी सोडणार होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर साडेपाच वाजलेले, तीन नाही. घड्याळाकडे बघत तशीच पडून राहिले. पण मग दोन महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून मनानंच गोळी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चक्कर, चिडचिड. या गोळीचं व्यसन लागत नाही पण ती एकदम तोडायचीही नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. हे वाक्य पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर तो आठवडा वाचला असता.

गोळीनं झोप आली पण भीतीची भीती गेली नाही, बसमध्ये चढणं मी बंदच केलं होतं. बोलायला माणूस पाहिजे होता. एका समुपदेशकांकडे गेले, बोर्ड मोठा, फी आठशे, आणि त्यांनी तासभर मला सांगितलं की पॉझिटिव्ह विचार करा, तुमच्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत. बाहेर पडले ती अपराधी वाटत. समुपदेशक असा बोर्ड कोणीही लावू शकतं हे मला माहीतच नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मनोविकारात शिकलेला, तो गोळी लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्र शिकून रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी झालेला, तो गोळी लिहीत नाही, बोलून उपचार करतो. नोंदणी नंबर विचारायला लाजायचं नाही, शिकलेला माणूस लगेच देतो.

मग एका रात्री गच्चीवर जाऊन १४४१६ लावला. टेलिमानस, सरकारचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं रेकॉर्डिंग वाजेल, पण एक बाई बोलल्या आणि मी पहिली दोन मिनिटं नुसती रडले. त्यांनी घाई केली नाही. त्यांनीच सांगितलं की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिलमध्ये मनोविकाराची ओपीडी असते, तिथं जा.

सिव्हिलला मी जाणारच नव्हते, तिथं तर सगळंच गाव. पण गंमत अशी की सिव्हिलच्या गर्दीत कोण कशाला आलंय कळतच नाही, दाताचे, डोळ्याचे, आमचे सगळे एकाच लाइनीत. केस पेपरला पैसे नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत (मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांचं वेगळं). माझीच गोळी तिथं फुकट मिळाली. तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी कपाटाआडच्या छोट्या खोलीत चाळीस मिनिटं ऐकलं, दार लावून. दार लावलं तेव्हाच मला अर्धं बरं वाटलं. पण त्यांना तालुक्यांची शिबिरंही असायची, महिन्यातून एकदाच वेळ मिळायचा, म्हणून त्यांनीच सुचवलं की मधल्या काळात ऑनलाइन कोणी बघा, मराठीत बोलणारं.

पुण्याच्या एक ताई मिळाल्या, पन्नास मिनिटांचे हजार रुपये, पंधरा दिवसांतून एकदा. आमच्या पगारात हा खर्च मोठा होता, खोटं कशाला बोलू, भिशी बंद केली. आणि बोलायचं कुठं? दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे जाऊबाई. मग नवरा दिराची कार आणायचा, रिंग रोडला पाण्याच्या टाकीपाशी लावायचा आणि स्वतः पुढं चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. मे महिना, काचा वर, एसी लावला तर पेट्रोल जळतं म्हणून बंद, फोन डॅशबोर्डला टेकवलेला, घाम गळतोय आणि मी बोलतेय. पहिल्या दिवशी ताईंनी विचारलं काय होतं, मी म्हटलं कसंतरी होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, कसंतरी म्हणजे कुठं, पोटात की छातीत? जीव घाबरा होणं, काळजात लक्क होणं, करमत नसणं, हे माझे सगळे शब्द त्यांना वेगवेगळे कळले. इंग्रजीत मी हे कधीच सांगू शकले नसते.

काम काय केलं तर एका वहीत तीन रकाने, काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं. आणि दुसरं काम म्हणजे बसचा प्रवास. भीती साधारण दहा मिनिटांत शिगेला जाते आणि तुम्ही काही केलं नाही तरी आपोआप उतरते, फक्त उतरेपर्यंत तिथून पळायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी अर्ध्या तिकिटात एसटीनं शेजारच्या तालुक्याला निघाले, खिडकीशेजारी, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांत, मोबाइलवर घड्याळ लावून. चौथ्या मिनिटाला वाटलं कंडक्टरला थांबवायला सांगावं. नवव्या मिनिटाला छाती मोकळी झाली, शेजारच्या आजी शेंगा सोलत होत्या, त्यांनी मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. त्या मी खाल्ल्या. सात महिन्यांत प्रवासात पहिल्यांदा काही खाल्लं.

विम्याचंही सांगते, २०१७ च्याच कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडी आणि सेशन बसत नव्हते, फक्त ॲडमिट झालं तर. पॉलिसी काढताना विचारून घ्या.

आता सेशन महिन्याला एक, पुढच्या महिन्यात गोळी दहाची पाच होणार आहे, डॉक्टरांना विचारून. कार आणायची गरज नाही पडत. मी आतल्या खोलीत बसते आणि सासूबाई उंबऱ्यात गहू निवडायला घेतात, कोणी आलं की म्हणतात, सूनबाई डॉक्टरशी बोलायलीय, थोडं थांबा.