तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी शाळा आणि रीडिंगचे साडेसात

बेळगावजवळच्या खानापूरच्या बसमध्ये, वॉर्डात, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा तर गिरणीत दळपाच्या डब्यांच्या रांगेत उभी असताना एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही मराठी शाळेतल्या ना, मग आयल्ट्सच्या रीडिंगला साडेसात कसे पाडलात, कुठला क्लास लावलात?" आयल्ट्स म्हणजे बाहेरच्या देशात जायला लागणारी इंग्लिशची परीक्षा, तिच्यात रीडिंगला, म्हणजे वाचनाला, ९ पैकी मार्क मिळतात, त्याला बँड म्हणतात. दळप होईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण ते अर्धवटच राहिलं, म्हणून आता नीट बसून लिहिते.

तर क्लास लावला होता. त्यानं सहा आले. साडेसात नंतर आले, दुसऱ्या खेपेला, तेव्हा क्लास नव्हता.

माझं आधीचं शिक्षण इथल्या चारचौघींसारखंच. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळा, कन्नड विषय म्हणून, इंग्लिश पण विषय म्हणूनच, आणि मग पीयूसी सायन्सला (अकरावी-बारावीला) एकदम सगळंच इंग्लिशमधून, पहिले दोन महिने फिजिक्सच्या तासाला मी फक्त फळ्यावरचे आकडे उतरवून घ्यायची. नंतर बीएस्सी नर्सिंग, मग वॉर्ड. नर्स म्हणून युकेला जायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयल्ट्सचा अ‍ॅकॅडेमिक पेपर चालतो (ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांची इंग्लिश परीक्षा, ती पण चालते, मी दिली नाही म्हणून त्यावर बोलत नाही), आणि त्यात लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७ लागतात, रायटिंगला ६.५. पहिल्या खेपेला माझं सगळं बसलं, फक्त रीडिंग ६. एक महिन्याचा पगार फीत गेला तो गेलाच, वर घरी प्रत्येकजण "इंग्लिश कच्चं आहे तुझं" म्हणून मोकळा.

इंग्लिश कच्चं होतं हे खरं, पण सहा येण्याचं कारण ते नव्हतं. ६० मिनिटं, ३ उतारे, ४० प्रश्न, आणि उतारे पुढं पुढं अवघड होत जातात. मी पहिल्या उताऱ्यातच २८ मिनिटं घातली, कारण लहानपणापासून सवय अशी की धडा वाचायचा म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द अडला की तिथंच थांबायचं, मास्तर अर्थ सांगतील मग पुढं. इथं मास्तर कुठनं येणार. वर उत्तरं पेपरवरच खुणा करून ठेवली होती, शेवटी शीटवर उतरवू म्हणून, आणि वेळ संपली. लिसनिंगला पेपरवर परीक्षा दिली तर उतरवायला १० मिनिटं वेगळी मिळतात, रीडिंगला मिळत नाहीत, हे क्लासात सांगितलं असेल पण माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. शेवटचे सात प्रश्न कोरे गेले. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यात, डोळे मिटून काहीतरी भरलं असतं तरी एखाद-दोन लागले असते.

यावर उपाय मला आईनं दाखवला, तिला माहीत पण नाही. आईला कन्नड वाचता येत नाही. पण बसस्टँडवर वायव्य कर्नाटकच्या दहा गाड्या लागलेल्या असतात, सगळ्यांचे बोर्ड कन्नडमध्ये, आणि ती लांबूनच म्हणते, "चल, ती बघ आली आपली." तिनं बोर्ड वाचलेला नसतो, खानापूरच्या 'खा'चं चित्र तिच्या डोक्यात पक्कं आहे, ती फक्त तेवढं शोधत असते, बाकीच्या गाड्या हुबळीला जाईनात की गोकाकला, तिला काय करायचंय. एकदा असंच तिच्या मागनं पिशव्या घेऊन पळताना माझ्या लक्षात आलं की मी तर स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांचे सगळे बोर्ड वाचत बसलेय आणि आपली गाडी निघून गेली. तेव्हापासून मी आधी प्रश्न बघायला लागले, त्यातलं नाव, साल, आकडा असं न बदलणारं काहीतरी पकडायचं आणि तेवढंच उताऱ्यात शोधायचं, सापडलं की मात्र तिथं गाडी थांबवून पुढची-मागची दोन वाक्यं अगदी हळू वाचायची. वेगानं शोधायचं आणि हळू वाचायचं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी दोन्ही एकाच वेगानं करत होते.

आता खरा घोळ. त्यात एक प्रश्नप्रकार असतो, वाक्य दिलेलं असतं आणि उताऱ्याप्रमाणे ते ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते सांगायचं. माझे निम्मे मार्क तिथं जायचे. मावसभावाला शिकवताना मी कुंद्यावरून सांगितलं. समजा उताऱ्यात एवढंच आहे की कुंदा हा बेळगावचा गोड पदार्थ, दूध आटवून करतात, शहरात बऱ्याच दुकानांत मिळतो. आता वाक्य आलं, 'कुंदा एकाच दुकानात मिळतो', तर फॉल्स, उतारा त्याच्या उलट बोलतोय. 'कुंद्याला दूध लागतं', ट्रू. आणि 'कुंदा बेळगावात सगळ्यांना आवडतो'? तो लगेच, "ट्रू की, कुणाला आवडत नाही सांग बघू!" झालं. उताऱ्यात आवडण्याबद्दल एक अक्षर नाही. बेळगावकराला कुंदा आवडतो हे त्याला जन्मापासून माहीत आहे, तेच त्याला नडलं.

आपल्याकडं हे जरा जास्तच अवघड जातं असं माझं मत आहे. आपल्या कट्ट्यावर कुणाचं लग्न का मोडलं, कुणाला बदली का मिळाली, कुणी प्लॉट कितीला घेतला, सगळ्याला एकतर "होय की" नाहीतर "छे, काय तर काय", 'याबद्दल काही माहिती नाही' असं उत्तर दिलेला माणूस मी अजून तरी बघितलेला नाही. आणि मी त्यातलीच. क्लासात सांगायचे "उताऱ्यात नसेल तर नॉट गिव्हन", ऐकायला सोपं आहे, पण हात थांबत नाही ना.

माझा हात थांबला तो औषधाच्या खोक्यातल्या कागदामुळं. इंजेक्शनच्या बॉक्समध्ये घडी घातलेला पातळ कागद असतो बघा, बारीक टाइपातला, जो सगळे थेट डस्टबिनमध्ये टाकतात. नाइटला वॉर्ड शांत असला की मी तो वाचायची. त्यात कितीदा तरी असं वाक्य असतं, 'इट इज नॉट नोन व्हेदर धिस ड्रग इज एक्स्क्रीटेड इन ह्यूमन मिल्क.' म्हणजे हे औषध आईच्या दुधात उतरतं की नाही ते माहीत नाही. आता बाळंतिणीनं मला विचारलं तर मी 'उतरतं' म्हणू शकत नाही आणि 'उतरत नाही' पण म्हणू शकत नाही, तिथं आपलं डोकं चालवायचं नसतं, डॉक्टरांना विचारायचं असतं. वॉर्डात हे मी रोज करत होते, पेपरात येत नव्हतं! मग मी स्वतःला सांगितलं की प्रत्येक उतारा हा खोक्यातला कागद आहे, त्यात आहे तेवढंच पेशंटला सांगायचं. दुसऱ्या खेपेपर्यंत या प्रकारात १३ पैकी ११-१२ बरोबर यायला लागले. आणि त्या कागदांनी दुसरं पण काम केलं. लांबलचक वाक्यं, सगळी कर्मणी प्रयोगातली, 'शुड बी अ‍ॅडमिनिस्टर्ड', 'हॅज बीन रिपोर्टेड', ती वाचून वाचून परीक्षेतले उतारे तेवढे भयंकर वाटेनासे झाले. सगळे सांगतात इंग्लिश पेपर वाच, मी पण वाचायला घेतला होता, चार दिवसांत बंद पडला, कारण त्यातलं निम्मं मला आधी मराठी पेपरात वाचून माहीतच असायचं आणि मग मी वाचत नव्हते, आठवत होते.

शब्दांचं विचारता. क्लासनं दोनअडीच हजार अवघड शब्दांचं झेरॉक्स बाड दिलं होतं, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. पाठ केलं, विसरले. खरं तर हे आपल्या सीमेवरच्या लोकांना कुणी सांगायची गरज नव्हती. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी एका पेशंटची बायको मला म्हणाली, "सिस्टर, ई गुळिगी म्याल नमग अनुमान ऐत्री." मला वाटलं बाईला गोळीबद्दल काहीतरी अंदाज आहे, मी आपली हसून मान हलवली आणि पुढं गेले. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय! ती बिचारी सांगत होती की ही गोळी बरोबर आहे का शंका वाटतेय, आणि ही नर्स हसून निघाली. मोठ्या सिस्टरनी त्या दिवशी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तसंच 'अवसर माडब्याड्री', आपला अवसर म्हणजे संधी, त्यांचा अवसर म्हणजे घाई. शब्द तोच, शेजारी कोण बसलंय त्यावर अर्थ ठरतो, हे आपण रोज भोगतो आणि इंग्लिश शिकताना मात्र शब्द एकटे एकटे पाठ करतो.

मग मी बाड ठेवून दिलं. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली छापलेली एक यादी आहे, अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुळांची, म्हणजे अ‍ॅनलाइज, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल हे सगळं एक कूळ. ती घेतली, आणि एकटा शब्द लिहायचाच नाही असं ठरवलं. वहीत जोडीनंच लिहायचं, 'कंडक्ट रिसर्च', 'सिग्निफिकंट इन्क्रीज', आणि समोर तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत, कारण रीडिंगचा सगळा खेळच तो आहे. प्रश्नात 'पॉप्युलेशन फेल' असेल तर उताऱ्यात 'नंबर्स डिक्लाइन्ड' असतं, तोच शब्द सरळ सापडला तर बहुतेक वेळा तो सापळाच असतो. वही म्हणजे वही नव्हती, वॉर्डातले छपाई चुकलेले कोरे टीपीआर शीट (पेशंटचा ताप, नाडी, श्वास लिहायचे कागद) होते, मागच्या बाजूला लिहून दोऱ्यानं शिवले.

व्याकरण. हे सगळ्यात जास्त विचारतात आणि मी सगळ्यात कमी केलं, पण जे केलं ते आपल्या चुकांवर केलं. आपली एक चूक दोन भाषांकडून पक्की झालेली असते. 'मी चार वर्षांपासून काम करतेय', कन्नडमध्ये 'नाल्कु वर्षदिंद', दोन्हीकडं पासून, म्हणून आपण बिनधास्त 'आय एम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स' म्हणतो. तिथं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स' पाहिजे, सिन्स फक्त सुरुवात सांगताना, सिन्स २०१९. 'डॉक्टरांना कळवलं' मधला 'ना' आपण 'इन्फॉर्म्ड टू डॉक्टर' करतो, नर्सेस नोटमध्ये मी हे हजारदा लिहिलंय आणि कुणी चूक काढली नाही. 'आजच'चं 'टुडे ओन्ली'. आणि आर्टिकल, जे ना मराठीत ना कन्नडमध्ये. मला वाटायचं 'अ' लागला काय, राहिला काय, पण रीडिंगमध्ये 'फ्यू पेशंट्स' म्हणजे जवळपास कुणीच नाही आणि 'अ फ्यू पेशंट्स' म्हणजे होते काहीजण, त्या एका 'अ'वर ट्रूचं फॉल्स होतं. उलट आर्टिकलचा इतका धसका घेतला की एका सराव पेपरात 'नो मोर दॅन टू वर्ड्स' लिहिलेलं असताना मी 'द क्ले पॉट्स' लिहून आले. तीन शब्द. चूक. 'क्ले पॉट्स' एवढंच पाहिजे होतं.

आणि व्याकरणाची भीती बाळगू नका, आपल्या डोक्यात दोन व्याकरणं आधीच शेजारी शेजारी नांदतात. मी घरी 'मी आलो, मी जातो'च म्हणते, इथल्या सगळ्या बायका म्हणतात, आणि लिहायला बसले की आपोआप 'आले, जाते' होतं, मधे कुणी बटण दाबत नाही. पुण्याला परीक्षेला गेले तेव्हा रिक्षावाल्याला "मी आलो" म्हटल्यावर त्यानं आरशातून वळून बघितलं होतं.

ती दुसरी खेप. रात्रीच्या गाडीनं गेले, झोप नाही. पहिला उतारा १६ मिनिटांत संपवला, दुसरा वीस, उरलेलं सगळं तिसऱ्याला, उत्तर सापडलं की लगेच जागेवर भरायचं, आणि दोन प्रश्न शेवटपर्यंत कळले नाहीत ते चक्क अंदाजानं भरले. कुठलं बरोबर, कुठलं चूक हे ते कधीच कळवत नाहीत, फक्त बँड येतो. रीडिंग ७.५, रायटिंग परत ६.५ काठावर, एकूण ७.

स्पीकिंगचं पण विचारतात, पण ते ११ ते १४ मिनिटांचं बोलणं असतं, आपल्या बोलण्याला बेळगावचा हेल असला तरी त्याचे मार्क कापत नाहीत, समोरच्याला स्पष्ट कळलं पाहिजे. त्याहून जास्त मला सांगण्यासारखं नाही.

शिवलेली शीटं सध्या आमच्या वॉर्डातल्या एका ज्युनिअरकडं आहेत, तिची परीक्षा झाली की मागून घेते. ज्यांना पाहिजेत त्यांनी सांगून ठेवा. आणि झेरॉक्सचं बाड पाहिजे असेल तर ते लगेच मिळेल, आईनं त्यावर मिरच्या वाळत घातल्यात, तेवढ्या काढून देते.