सगळे फेडर वर आणि गाणं कुठंच नाही

रात्री साडेबारा वाजता मी माझ्या गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक (आवाज, गिटार, बेस वगैरे) जुळवत हेडफोन लावून बसलेलो आणि समोर मास्टरचा, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून होणाऱ्या एकूण आवाजाचा, मीटर लालबुंद. सुरुवात साधी होती. गाणारा आवाज गिटारखाली दबत होता म्हणून तो थोडा वाढवला, मग गिटार लांब गेल्यासारखी वाटली म्हणून तिला दोन डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) दिले, मग बेस दिसेना, म्हणजे ऐकू येईना (मीटरकडे बघून बघून तोंडात आता दिसेनाच येतं), मग शेकर (खुळखुळा), मग परत गाणारा आवाज. तासाभरात आठच्या आठ फेडर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) वरच्या टोकाला, आणि गाणं होतं तिथंच, फक्त आता फाटलेलं.

पहिले सहासात महिने मी यालाच मिक्सिंग समजत होतो.

आधी रेकॉर्डिंगबद्दल, कारण निम्मी घाण तिथेच होते. मला कुणीतरी सांगितलेलं की जेवढं मोठं घेता येईल तेवढं मोठं घे, फक्त लाल होऊ देऊ नकोस. टेपच्या किंवा १६ बिटच्या (आवाज साठवताना किती बारीक मोजला जातो तो आकडा) जमान्यात त्यात तथ्य होतं, हळू घेतलं की खालची खरखर वर यायची. पण १६ बिटमध्ये कागदावर ९६ डीबीची रेंज मिळते आणि २४ बिटमध्ये १४४ची, त्यामुळे शून्याला, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेला, चिकटून रेकॉर्ड करायची काहीच गरज नाही. मी आता सरासरी मायनस १८च्या आसपास आणि सगळ्यात मोठा पीक (क्षणिक उसळी) मायनस १०पर्यंत राहील असा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) लावतो. वेव्हफॉर्म स्क्रीनवर बारीक, मरतुकडा दिसतो, दिसू दे.

यात एक गंमत आहे. गेन सेट करताना आपण लाजत गातो! माईकसमोर 'हॅलो हॅलो, वन टू' करून मी खुश व्हायचो आणि खऱ्या टेकमध्ये वरच्या पट्टीतली ओळ आली की खेळ खलास. आता आधी ती सगळ्यात मोठी ओळच जीव तोडून गातो आणि त्यावर गेन लावतो. इंटरफेसमध्ये (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात) आत येतानाच क्लिप झालं तर लाटेचा माथा कापला गेलेला असतो, नंतर फेडर कितीही खाली घ्या, कापलेलंच हळू ऐकू येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सॉफ्टवेअरच्या आत बहुतेक ठिकाणी ३२ बिट फ्लोट (शून्याच्या वरचे आकडेही सांभाळणारी पद्धत) चालतं, म्हणून एखादा चॅनल आत शून्याच्या वर गेला तरी लगेच आभाळ कोसळत नाही, पण ती सूट फक्त आतल्या आत, आवाज आत येताना नाही आणि बाहेर जातानाही नाही.

आणि हो, माईकपासून वीतभर लांब बसा. मी अगदी ओठ टेकवून गायचो, मस्त भारदस्त वाटायचं. कार्डिऑइड माईक (समोरचा आवाज जास्त घेणारा) जवळून बेस, म्हणजे खालचे सूर, फुगवतो, त्यामुळे तो भारदस्तपणा माझा नव्हताच, माईकचा होता. तोच फुगवटा मग मिक्समध्ये बेसच्या आणि गिटारच्या अंगावर बसायचा आणि मी मात्र गिटारच्या इक्यूशी (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायचं साधन) झटापट करत बसायचो, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

आता खरी गोष्ट. माझ्याकडे एक सॅच्युरेशनचं प्लगिन (आवाजाला किंचित फाटलेपणाचा रंग देणारं जोड-सॉफ्टवेअर) होतं आणि ते मी प्रत्येक गाण्यात गाणाऱ्या आवाजावर लावायचो, कारण लावलं की आवाज एकदम पुढे येऊन बसायचा, जिवंत वाटायचा. चार महिने मी त्याचे गुण गात होतो. मग एक दिवस सहज त्याच्या आधीचा आणि नंतरचा लेव्हल बघितला तर ते गुपचूप ३ डीबी वाढवत होतं. आउटपुटची नॉब तेवढीच खाली केली, डोळे मिटले, बायपास (प्लगिन चालू-बंद करायचं) बटण इतक्या वेळा दाबलं की चालू आहे की बंद हेच विसरलो, आणि मग ऐकलं. फरक जवळजवळ शून्य. होता तो उलट वाईट, स आणि श जास्त टोचत होते. मग मी वेड्यासारखा प्रोजेक्टमधलं एकेक प्लगिन असंच तपासत सुटलो, कॉम्प्रेसरचा (मोठे भाग दाबणाऱ्या प्लगिनचा) मेकअप गेन (दाबल्यावर परत दिलेली वाढ), इक्यूचे बूस्ट, सगळं. आवाजाच्या ट्रॅकवरच्या सहापैकी चार काढून टाकली. दोन गोष्टींतली जरा मोठी ऐकू येणारी गोष्ट कानाला चांगलीच वाटते, अर्धा-एक डीबीचा फरकसुद्धा 'वा, आता खुललं' असा भासतो, आणि मी इतके महिने जे काही 'सुधारत' होतो ते बहुतेक फक्त वाढवत होतो.

फेडरचंही तेच. आता सगळे खाली ओढून सुरुवात करतो, आधी गाणारा आवाज, मग त्याच्याभोवती बाकीचे, आणि काही दबतंय वाटलं तर आधी त्याच्यावर कोण बसलंय ते शोधून त्याला खाली करतो. साधारण सारख्या लेव्हलचे आठ वेगवेगळे ट्रॅक एकत्र आले की बेरीज अंदाजे ९ डीबीने वर जाते, त्यामुळे प्रत्येकजण एकटा सभ्य असला तरी मास्टर लाल होऊ शकतो. एखादा ट्रॅक इतका मोठा असेल की फेडर पार तळाला न्यावा लागतोय, तर फेडर सोडा आणि रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचाच गेन कमी करा, कारण तळाशी फेडर केसभर हलवला तरी आवाज धाडकन बदलतो, फेडरच्या शून्याच्या खुणेजवळ (जिथे तो काही वाढवत-घटवत नाही) मात्र छान बारीक काम करता येतं.

ऐकायचं हळू. इतकं हळू की बाजूला कुणी बोललं तर त्याचं बोलणं सहज कळावं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडलेलं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि मोठा केला की ते भरून येतात. मी मोठ्याने मिक्स करायचो, बेस कसा दणदणीत, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर हळू लावलं की बेस गायब.

मोनोचं (डावं-उजवं एकत्र करणारं) बटणही दाबून बघा. एकाच गिटारची कॉपी पंधरा मिलिसेकंद मागे सरकवून डावी-उजवीकडे ठेवायची युक्ती मला फार आवडायची, मोनोत तीच गिटार डब्यातून वाजल्यासारखी पोकळ झाली. आता सरळ दोनदा वाजवतो.

शेवटी सगळं भिंतीला टेकवून मोठं करायचा मोहही गेला, कारण स्पॉटिफायसारख्या ठिकाणी नॉर्मल सेटिंगला गाणी मायनस १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणली जातात, म्हणजे मी चेपून चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जाणार आणि चेपलेलं तेवढं राहणार.

परवा ते साडेबाराचं प्रोजेक्ट परत उघडलं. सगळे फेडर शून्याच्या खुणेवर, प्लगिन बंद. शेकर म्यूट केला तर कळलंही नाही, म्हणून उडवला. गिटार ४ डीबी खाली गेली आणि गाणारा आवाज, ज्याला मी हातही लावला नव्हता, पुढे येऊन उभा राहिला. फक्त दुसऱ्या कडव्यातला स अजून कानात टोचतोय, आज रात्री तिथे ऑटोमेशन (तेवढ्या जागी आवाजाची पातळी आपोआप बदलणं) करून बघतो.