तुम्ही विचारलंत म्हणून: हो, घरीच करते

ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळींत मला ठरलेला प्रश्न येतो: "तू म्हणे घरी पॉट रोस्ट करतेस? म्हणजे बीफ?" आणि पाठोपाठ, "आईला माहितीये?" बाहेर खाल्लेला बर्गर कुणी मोजत नाही. घरच्या भांड्यात शिजलं की चौकशी सुरू. एकदाच सगळं सांगून टाकते.

हो, करते. चक म्हणजे खांद्याकडचा तुकडा, तीनेक पौंडांचा. राबणारा भाग, म्हणून चिवट आणि म्हणूनच त्यातल्या त्यात स्वस्त. आदल्या रात्री मीठ चोळून ठेवते. सकाळी नीट टिपून घेते, ओला राहिला तर नुसता वाफाळतो, खरपूस होत नाही. जड बिडाच्या भांड्यात सगळ्या बाजूंनी परतते, मग कांदा, लसूण, थाइम, तुकडा अर्धा बुडेल एवढाच स्टॉक, आणि झाकण लावून ३०० फॅरनहाइटला साडेतीन तास. गाजर-बटाटे शेवटच्या दीड तासात, नाहीतर लगदा होतो. मांस आतून १६० ला पोचलं की शिजलेलं असतं, पण चावता येत नाही. आतले चिवट पापुद्रे विरघळायला ते २०० च्या आसपास जावं लागतं. तिथे घाई चालत नाही. मसाला? मीठ, मिरी. नाही, हळदसुद्धा नाही.

"किती बदललीस गं" हे मला बोचतं, कारण या देशात नवी होते तेव्हा फ्राइज कुठल्या तेलात तळता, बीफची चरबी तर नाही ना, हे काउंटरवर विचारणारी मीच होते. त्या मुलीशी मी अजून वाद घालते. ती म्हणते, सवय झाली म्हणजे पटलं असं नाही. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

एप्रिल २०२० मध्ये बाबा साताऱ्यात गेले. भारतात जाणारी विमानं २३ मार्चपासून बंद होती. संगम माहुलीच्या स्मशानघाटावरचा अग्नी मी भावाच्या फोनवरून पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं, परत आलं तेव्हा माणसं नदीकडे निघाली होती. मी इथे स्वयंपाकघरात उभी. आईच्या जवळ जाऊन बसताही येत नव्हतं.

संध्याकाळी बेल वाजली. दाराच्या पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं, आणि समोरची म्हातारी शेजारीण ड्राइव्हवेच्या पार टोकाला, मास्कमधून ओरडत होती, "गरम आहे, कापडाने धर!" तेव्हा मांसाचे मोठे कारखाने साथीमुळे एकेक करून बंद पडत होते. तिने स्वतःसाठी फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला तुकडा काढला असणार. झाकण उघडलं. दाट तपकिरी रस्सा, कडा विरघळलेले बटाटे, चमचा लावला की सुटणारं मांस.

नवरा हळूच म्हणाला, "सुतक आहे. मी वरणभात लावतो." त्याचं बरोबरच होतं. मी ताटही घेतलं नाही, भांड्यातूनच खाल्लं. बाबा गेल्यापासून काही घशाखाली उतरत नव्हतं. ते उतरलं.

रात्री आईचा फोन. "जेवलीस का?"

"शेजारणीने आणून दिलं."

"बरं झालं बाई. आपल्याकडेही काकूंनी पिठलं-भात पाठवला. सुतकात चूल पेटवायची नसते, शेजारीच बघतात."

काय आणलं होतं, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"दुःखात कुठे भान असतं" असं म्हणून कुणी मला सोडवायला आलं की मला राग येतो. भान होतं. भांड्यात काय आहे ते मला कळत होतं, बाबांना काय वाटलं असतं तेही. बाकीचं सुतक मी पाळलं, देवापुढे दिवा लावला नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, ते मला विचारू नका. मला त्या बसवता आलेल्या नाहीत. पण घरात कुणाचं काही बिनसलं की मी ते जड भांडं काढते, आणि यापुढेही काढणार.

हे कुणीतरी आईला पाठवेलच. आई, तेव्हा तू विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही. वाचून झालं की फोन कर, रागावलीस तरी कर.