वाळू भारताची, वय काढायचं डेन्मार्कात?

वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं, म्हणजे ती कधी गाडली गेली, ते काढायचं काम मी डेन्मार्कात करतोय. घरून तोच प्रश्न पुन्हा आलाय: आपल्या नदीची वाळू एवढ्या लांब कशाला पाठवायची? तो बोचतो. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळेत) हे काम कितीतरी वर्षं चाललंय. आपल्याकडे जमत नाही असं मुळीच नाही. पण त्याचं यंत्र इथल्या रॉस्किल्ड शहराजवळच्या रिसो या संशोधन केंद्रात घडतं. यंत्र घडवणारे आणि वय काढणारे शेजारी-शेजारी असले की फरक पडतोच.

गाडलेल्या वाळूतल्या क्वार्ट्झमध्ये (गारेच्या खनिजात) भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाची मात्रा साठत जाते. ऊन लागलं की साठा शून्यावर येतो. निळा प्रकाश टाकला की कण चमकतात, त्या चमकेवरून तो मोजायचा. ग्रे हे या मात्रेचं एकक: ३० ग्रे साठा, हजार वर्षांना ३ ग्रे भर, म्हणजे वय १०,००० वर्षं.

भागाकार सोपा, नमुना अवघड. नदीकाठची दरड तासून पोलादी नळी आडवी ठोकायची आणि ती गच्च भरली पाहिजे. पोकळी राहिली तर प्रवासात वाळू हलते, टोकाची उजेड लागलेली आतल्या वाळूत मिसळते. टोकांची काही सेंटिमीटर वाळू फक्त किरणोत्सर्ग मोजायला. बाकीची मंद लाल-नारिंगी उजेडात उघडून १८० ते २५० मायक्रॉनचे कण चाळायचे, मग हायड्रोक्लोरिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी तासभर ४० टक्के हायड्रोफ्लोरिक. त्यात फेल्डस्पार हे वाळूतलं दुसरं खनिज विरघळतो आणि कणाची अल्फा किरण लागलेली सालही जाते. नंतर पुन्हा हायड्रोक्लोरिक, नाहीतर फ्लोराइड चिकटून राहतात.

इथे सगळ्यात जास्त वाद पाण्यावर होतात, आणि ते मला मनापासून आवडतं. ओलावा किरणोत्सर्ग शोषतो. तो १ टक्का जास्त धरला की वयही साधारण तेवढंच वाढतं. आज कोरडी दिसणारी दरड हजारो वर्षं भूजलाखाली असू शकते. म्हणून ± (अनिश्चिततेची मर्यादा) शिवाय इथे कुणी आकडा उच्चारत नाही. आपल्याकडच्या बातम्यांत आधी तोच ± गळतो, याची चीड येते.

दुसरी अडचण पुराची. गढूळ पाण्यात कणांना पुरतं ऊन लागत नाही, जुना साठा उरतो आणि वय फुगतं. मग एकेक कण वेगळा मोजून सर्वांत कमी मात्रेच्या गटावर भर द्यावा लागतो.

राजस्थानातल्या कालीबंगा या हडप्पाकालीन शहराजवळच्या घग्गर नदीच्या जुन्या पात्राचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम याच पद्धतीचं. त्यात आयआयटी कानपूर आणि रिसो दोन्हीकडचे संशोधक होते. सतलजने ते पात्र सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच सोडलं होतं, हडप्पाची शहरं नंतरची. म्हणजे वस्ती सोडलेल्या पात्रालगत वसली. नदी आटली म्हणून शहरं ओस पडली, या सोप्या कथेला हे जड जातं.

घोड-प्रवरा नद्यांच्या वाळूचं विचारणाऱ्यांसाठी: बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नसतो, त्यामुळे दख्खनच्या वाळूत तो फार तुटपुंजा. फेल्डस्पार वापरता येतो, पण तो उन्हात सावकाश शून्यावर येतो आणि त्याचा साठा आपोआप गळतो. अवरक्त प्रकाशाने आधी ५० अंशांना आणि मग २९० अंशांना मोजलं तर गळती बरीच आटोक्यात येते. त्या बदल्यात उन्हाची अट आणखी कडक होते.