शेवटच्या बाकावरची वही

स्मरणिकेसाठी लिहितेय हे कळल्यावर सरांनी आधीच बजावलं, 'माझं नाव छापायचं नाही.' म्हणून इथे ते नुसते पी.टी.चे सर.

आमची बारावी 2009 ची. शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय, टक्केवारीत त्याला कोण विचारतो! शनिवारी फळ्यावर 'तज्ज्ञांचे व्याख्यान' असं दिसलं की निम्मा वर्ग राम मारुती रोडवरच्या क्लासला पसार. आम्ही खो-खोच्या मुली मात्र सापडायचो, कारण सर स्वतः जिन्यात उभे असायचे.

आहारावरच्या व्याख्यानातला मला फक्त 'समतोल' हा शब्द आठवतो, तोही फार वेळा आल्यामुळे. उत्तेजकांवर बोलायला आलेले गृहस्थ बरे होते. खेळाडूंनी उत्तेजकं घेतलीत का हे तपासणाऱ्या, 2005 साली निघालेल्या 'नाडा' या राष्ट्रीय संस्थेबद्दल त्यांनी सांगितलं, आणि सर्दीच्या गोळीतही बंदी असलेलं औषध असू शकतं म्हणाले. आमची कर्णधार पार घाबरली. आंतरशालेय खो-खोत तिची लघवी कोण तपासणार होतं, देव जाणे.

मग आल्या एक डॉक्टर मॅडम. त्यांनी भाषण केलंच नाही. आम्हा सगळ्यांना तीन मजले दोनदा चढायला लावलं आणि नाडी मोजायला सांगितली. दोन बोटं गळ्याशी ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. 220 मधून वय वजा केलं की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा ढोबळमानाने मिळते, म्हणजे आम्हा सतरा वर्षांच्यांची 203. माझे ठोके आले 192. बाकीच्या मुली दीडशेच्या आसपास, आणि पाच मिनिटांत गप्पा मारायला लागलेल्या. मी अजून धापाच टाकत होते.

मॅडमनी मला खिडकीशी नेऊन खालची पापणी ओढून पाहिली, हळू आवाजात पाळीचं विचारलं आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 9.4. हवं किमान 12. रक्तात प्राणवायू वाहून नेणारी माणसंच कमी, तर पाय कशाच्या जोरावर पळणार? तोवर घरी, मैदानावर, सगळीकडे माझ्या नावाला 'आळशी' चिकटलेलं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा बंद, पालेभाजीवर लिंबू. चहात पोळी बुडवून खाणाऱ्या आमच्या घरात हे म्हणजे पाखंडच. आई दोन दिवस बोलली नाही.

मला आळशी म्हणणाऱ्यांत सरही होते. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. सोमवारी मैदानावर मात्र फेऱ्या मारायला लावण्याआधी विचारलं, 'डब्यात काय आणलंस?'

पण खरा प्रसंग घडला फिजिओथेरपिस्टच्या व्याख्यानात. सरांचा एक ठाम सिद्धांत होता: बैठका मारल्यावर मांड्या धरतात, कारण अंगात लॅक्टिक आम्ल साठतं. उपाय, अजून पन्नास बैठका, म्हणजे ते जिरतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या सरावाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही ठाणे स्टेशनचा पूल उलट्या पावलांनी उतरायचो, लोक बघत राहायचे. त्या तरुण बाईंनी हसत सांगितलं की हे आम्ल तासाभरात निवळतं. दुखणं वाढतं ते एक ते तीन दिवसांनी, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते म्हणून. सवय नसताना एकदम भार टाकला की हे होतंच.

वर्गात शांतता. सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडे. सर तिथे बसले होते, डोक्यावर नेहमीची टोपी. आता बाईंची काही धडगत नाही, असंच आम्हाला वाटलं. सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि विचारलं, 'मॅडम, मग दुसऱ्या दिवशी काय करून घेऊ?' बाई म्हणाल्या, हलकं चालणं, आणि बैठका आठवड्या-आठवड्याने वाढवत न्या. सरांनी लिहून घेतलं. आमच्यासमोर, मान खाली घालून, सावकाश. पन्नास बैठका त्यानंतर कधी झाल्या नाहीत.

त्याच बाईंनी मुरगळलेल्या घोट्याला विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं सांगितलं होतं. हे सूत्र 1978 साली मांडणारे अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनीच 2014 मध्ये लिहिलं की बर्फामुळे भरून यायला उलट उशीर लागू शकतो. हे मला अलीकडे वाचनात आलं आणि मी सरांना फोन केला. आता ते निवृत्त, घोडबंदर रोडला मुलाकडे राहतात.

'थांब, चष्मा घेतो,' म्हणाले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. 'हं, साल सांग परत. आणि इतकी वर्षं मी पोरींच्या घोट्यांवर बर्फ चोळला, त्याचं काय?'

'दुखणं कमी व्हायचं ना, सर?'

'ते व्हायचं.'

'मग तेवढं राहू द्या.'

'बरं,' म्हणाले, 'मग निम्मीच ओळ खोडतो.'